सातव्याचा कौल

“चपला काढा आदी. मग काय बगायचं ते बगा.”

आवाज पाठीमागून आला. मी आणि सबनीस वकील घाणेरीच्या जाळीतून वाट काढत जेमतेम मोकळ्यावर आलो होतो. माझी ओढणी काट्यांत अडकलेली. वकिलांचा पाय समोरच्या गोल जागेच्या काठावर पडणार, तो तसाच वरच्या वर थांबला. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी एका पायावर उभं राहणं सोपं नसतं. मी त्यांचा दंड धरला.

मागे वळून पाहिलं तर मेंढरांच्या कळपापुढे एक बाई उभी होती. उंच, सडपातळ, हिरवं लुगडं, कपाळभर भंडारा. ही मेटकरी वस्तीची मायाक्का. वस्तीत सगळ्यांत मोठा कळप तिचा, आणि तिच्यापुढे आवाज चढवायची तिच्या मुलांचीही छाती नव्हती. मी नगरपालिकेची ओव्हरसियर आहे असं मी सांगितलं. तिने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, “आसशील. चपला काढ.”

आम्ही दोघांनी निमूट चपला काढल्या.

सगळ्या माळावर गुडघाभर कुसळ माजलेलं, आणि इथे मात्र दहाबारा पावलं रुंद अशी एक गोल जागा, तिच्यावर गवताची काडी नाही. जमीन काळपट, गुळगुळीत, दाबून बसवलेली. मधोमध एक चपटा दगड, त्यावर हळद. त्या दगडापासून निघून झाडल्याची रेघ गोल गोल फिरत काठापर्यंत आली होती. पाऊल म्हणून कुठे उमटलेलं नव्हतं. झाडणारा बाहेर पडला कसा, तेच मला कळेना.

“हे काय आहे, मावशी?”

“रिंगण. बिरुदेवाचं.”

“आणि मधला दगड?”

“त्येच्याखाली देवाची बेंबी हाय. शिवायची न्हाय.”

परत जीपपर्यंत आलो, बसलो, ड्रायव्हरने गाडी सुरू केली, तेव्हा सबनीस वकील पुढे बघत म्हणाले, “तारळेकर, ते सातवं आहे.”



खरसूळला गोल्फचं मैदान होतं, आणि तेही नगरपालिकेचं, असं सांगितलं की लोक अजून मला वेड्यात काढतात. गाव दुष्काळी पट्ट्यातलं, पाण्याचा टँकर दिसला तर लग्नाची वरात आल्यासारखी धावपळ उडणारं. पण संस्थानच्या काळात तिथे एक दिवाण होऊन गेले, त्यांना या खेळाचं वेड. राजेसाहेबांकडून त्यांनी गावाबाहेरचा माळ मागून घेतला, नऊ खड्ड्यांचं मैदान आखलं, आणि गाव सोडताना ते नगरपालिकेच्या नावे करून दिलं. अट एवढीच की घरपट्टी भरणाऱ्या कुणालाही खेळू द्यायचं. त्यामुळे खरसूळला गोल्फ खेळले ते किराणा दुकानदार, शाळामास्तर, पोस्टमास्तर आणि तालमीत जाणारा एक न्हावी. धोतराचा काचा मारून खेळायचे. वकिलांचे वडील मास्तर, ते त्यांतलेच. आधी त्यांच्याबरोबर आणि मग स्वतःच्या दोस्तांबरोबर वकील अर्धं आयुष्य त्या माळावर चेंडू मारत हिंडले.

खेळ साधा आहे. लांबून काठीने चेंडू मारत मारत यायचं आणि शेवटी जमिनीतल्या एका छोट्या भोकात घालायचा. शेवटची काही पावलं चेंडू घरंगळत जायला जागा सपाट आणि घट्ट लागते. इतर ठिकाणी तिथे हिरवळ राखतात. आमच्याकडे हिरवळीला पाणी कुठून आणणार? म्हणून खरसूळच्या लोकांनी वाळूत जळकं तेल कालवून ती चोपून चोपून बसवली. लांबून ताटासारखी दिसायची म्हणून सगळे तिला तबक म्हणत. नऊ खड्डे, नऊ तबकं.

बहात्तरच्या दुष्काळात त्या माळावर जनावरांची छावणी पडली. छावणी उठली, पण खेळ परत आला नाही. घाणेरी वाढली, बाभळी वाढल्या, आणि माझी नेमणूक झाली तोवर ते मैदान फक्त म्हाताऱ्यांच्या गप्पांत उरलं होतं. मग नगरपालिकेला कचरा डेपोसाठी जागा हवी झाली. माळाएवढी सोयीची जागा दुसरी कोणती? नगराध्यक्ष बोंद्रे आप्पांनी विषय सभेपुढे आणला आणि तिथे सबनीस वकील उभे राहिले. त्या दिवशी ते काय बोलले मला ठाऊक नाही, पण ठराव असा झाला की जुन्या मैदानावर जुन्या जागी नऊच्या नऊ खड्डे सदस्यांसमोर खेळून दाखवले, तर मैदान राहील. नाहीतर पाडव्यानंतर कचऱ्याच्या गाड्या सुरू. आप्पा हसत म्हणाले होते, “म्हाताऱ्याचा हट्ट आहे, पुरवून टाकू.” आणि हे घोंगडं आलं माझ्या गळ्यात, कारण मी नवी होते, बाई होते आणि साहेबांना ऑफिसात नकोशी होते.

मला त्या खेळाचं काही सोयरसुतक नव्हतं. पण पहिल्या खड्ड्याची घाणेरी काढली आणि खाली काळं, गोल, जसंच्या तसं तबक निघालं, तेव्हा मी चहाचा कप हातात धरून तशीच उभी राहिले. तीस वर्षं त्या तेलाने तिथे मुळं धरू दिली नव्हती. मग दुसरं निघालं, तिसरं निघालं. रात्री झोपेतही मला ती तबकं दिसायला लागली. आठ मिळाली. सातवं तेवढं मिळत नव्हतं, आणि आता मिळालं ते असं, देवाच्या ताब्यात.

“हात लावायचा नाही,” मी वकिलांना म्हटलं. “वस्ती पेटेल.”

“मी कुठे लावतोय?”

“शेजारी नवं करू.”

“करा,” ते म्हणाले. “होणार नाही, पण करा.”

एका बाजूला दगडाची खाण, दुसरीकडे ओढा. मधे जी पट्टी उरत होती ती नुसता ठिसूळ मुरूम. आम्ही वाळू आणली, गॅरेजमधून जळकं तेल आणलं, रोलर फिरवला. दोन दिवसांनी बघावं तर वाऱ्याने निम्मी वाळू ओढ्यात नेलेली. पुन्हा केलं. पुन्हा तेच. माझ्या तर नाकी नऊ आले. मायाक्का रोज मेंढरं घेऊन जाता जाता थांबायची, काठीवर हनुवटी टेकून आमचा तमाशा बघायची.

“वाऱ्याला तुमचा ठराव म्हायती न्हाय वाटतं,” एक दिवस ती म्हणाली.

मी घामाने भिजलेली, वैतागलेली. म्हटलं, “तुम्हाला सगळं ठाऊक आहे वाटतं, मावशी.”

“वस्तीवर काय लपून ऱ्हातंय? न्हाय जमलं तर हितं गावाची घाण टाकणार म्हनं.” तिने रिंगणाकडे पाहिलं. आवाज तसाच होता, पण काठीवरची बोटं आवळली गेली होती. “ह्येच्यावर.”

“हो,” मी म्हटलं. खोटं बोलायला सुचलं नाही.

तिने काठी उचलली. मग म्हणाली, “आमुशाला रिंगण भरतंय. सकाळी या. त्या म्हाताऱ्यालाबी आना.”

अमावास्येला आम्ही गेलो तेव्हा ऊन नुकतं वर येत होतं. सगळी वस्ती रिंगणाभोवती जमली होती, बायका एकीकडे, पुरुष एकीकडे, ढोल जमिनीवर आडवे ठेवलेले. आम्हाला बसायला घोंगडी टाकली होती.

मायाक्का आत गेली. मधला दगड तिने दोन्ही हातांनी उचलून बाजूला ठेवला, आत हात घालून काही तरी पुसलं, दूध ओतलं, पुन्हा पुसलं. मग एक ओलं पोतं घेतलं, त्याला दोरी बांधलेली. दोरी धरून ती बेंबीपाशी उभी राहिली आणि उलट्या पावली चालायला लागली. पोतं तिच्या पुढ्यात जमिनीवरून सरकत येत होतं आणि तिचीच पावलं पुसत होतं. एक फेरा, मग त्याच्या बाहेरून दुसरा, मग तिसरा. फेरे मोठे होत गेले. ती न अडखळता, मागे न बघता, रिंगण सगळं पुसून अलगद काठाबाहेर आली. आत एकही पाऊल राहिलं नाही.

वकिलांनी माझं मनगट पकडलं.

मग एकेका घरची बाई आली, वाटीत करडईचं तेल घेऊन. प्रत्येकीने काठावरून थोडं थोडं शिंपडलं. आणि मग ढोल वाजले. पुरुष अनवाणी रिंगणात उतरले, हातांत रुमाल, आणि धनगरांचा गजी नाच सुरू झाला. तो नाच मी आधी जत्रेत पाहिला होता. पण हा वेगळाच होता. तो उड्यांचा नव्हता. टाचा जमिनीत रोवत, दाबत, सगळे मिळून एकेक बोट पुढे सरकत होते. तेल आत मुरत होतं, वाळू बसत होती. पाऊण तास त्यांनी ती जमीन पायांनी चोपली. मग ढोल थांबले, सगळे बाहेर आले, आणि मायाक्काने पुन्हा पोतं उचललं.

मी देवाधर्मातली नाही, आजही नाही. पण गेले दोन महिने मी मजूर लावून, रोलर लावून जे करायला धडपडत होते, ते सगळं, त्याच क्रमाने, माझ्यासमोर चाललं होतं. झाडणं, तेल, चोपणं, पुन्हा झाडणं. आणि करणाऱ्यांना ते कशासाठी हे ठाऊक नव्हतं.

नंतर प्रसाद वाटला. मायाक्का आमच्यापाशी येऊन बसली. वकिलांनी विचारलं, “हे असं झाडायला कुणी शिकवलं तुम्हाला?”

“सासूनं.”

“आणि त्यांना?”

“देवानं,” ती म्हणाली, जसं कुणी ‘मामानं’ म्हणावं. “दुष्काळात आमी छावनीला आलो. मी नवी नवरी व्हते. समदा माळ जनावरांनी भरल्याला, शेन, धूळ, मानसं मरायच्या वाटंवर. आन ह्या कोपऱ्यात एक म्हातारा रोज येऊन एवडी जागा झाडायचा. गाई हाकलायचा. तेल वतायचा, पायांनी चोपायचा. सासू म्हनली, बाबा, लोकान्ला प्यायला पानी न्हाय आन तू ह्ये काय करतुयास? तर म्हनला, खेळायला येतील. जागा तयार पायजे.”

“कोण येतील?” मी विचारलं.

“सासूनंबी त्येच इचारलं. म्हनला, येतील. येवडंच. मग एक दिस आलाच न्हाय. सासूनं दोन दिस वाट बगितली आन तिसऱ्या दिशी सोता पोतं घेतलं. त्या सालात आमची मेंढरं वाचली, बाई. छावनीतली निम्मी जनावरं गेली, आमचं एक कोकरू गेलं न्हाय. तवा कळलं आमाला त्यो कोन व्हता.”

वकील तिच्याकडे एकटक बघत होते. “दिसायला कसा होता?”

“म्या बगितलाय की. काळा, बुटका. डाव्या डोळ्यात फूल पडल्यालं. डोक्याला लाल पटका.”

वकिलांनी चष्मा काढला आणि धोतराच्या टोकाने पुसायला लागले, आणि बराच वेळ पुसत राहिले.

मला वाटलं, आता सांगायलाच हवं. मी उठून रिंगणाच्या काठाशी गेले. दगड अजून बाजूला होता. बेंबीच्या आत लोखंडाची वाटी बसवलेली दिसत होती, घासून चकचकीत. तसल्या आठ वाट्या मी माळातून काढून ऑफिसात ठेवल्या होत्या. मी परत येऊन मायाक्काला सगळं सांगितलं. हा एक खेळ होता, ही त्याची जागा होती, ही वाटी चेंडू पडायची होती. आठ जागा तयार आहेत, ही नववी नसेल तर काहीच राहणार नाही, तुमचंही नाही आणि आमचंही नाही. ती ओरडेल असं मला वाटलं होतं. आजूबाजूची माणसं गोळा झाली होती. तिचा थोरला मुलगा पुढे सरकला, तेव्हा तिने हाताने त्याला मागे सारलं.

“म्हंजे खेळायला येनार व्हते ते तुमी,” ती म्हणाली.

“तसं म्हणता येईल.”

“म्हनायला कायबी म्हनता येतंय. तुमीच ते, कशावरनं? मी कशी ठरवू?” तिने भंडाऱ्याची चिमूट जमिनीवर ठेवली. “कौल लावायचा. ह्या म्हाताऱ्यानं रिंगणाच्या काठावरनं एकच डाव चेंडू मारायचा. बेंबीत पडला तर देवानं तुमाला वळीकलं. न्हाय पडला तर न्हाय. मग घाण टाका न्हायतर कायबी करा, आमी तुमाला आत पाय ठिवू देनार न्हाय.”

कौल म्हणजे काय ते आमच्या भागात पोरालाही कळतं. मूर्तीला फूल चिकटवतात, आणि ते उजवीकडून पडतं की डावीकडून, त्यावर लग्नं ठरतात, विहिरी खणतात. तो मोडायची कुणाची टाप नसते. मी काही बोलायच्या आत वकील म्हणाले, “कबूल.”

जीपमध्ये मी त्यांच्यावर जवळजवळ ओरडलेच. पाच-सहा पावलांवरून एका मारात? तुमचे हात चहाचा कप धरताना हलतात.

“हलतात,” ते म्हणाले. मग गाडी रस्त्याला लागल्यावर म्हणाले, “गेनू भोई होता तो. नगरपालिकेचा शिपाई, तबकं झाडायच्या कामावर. मैदान बंद केल्याचा ठराव झाला तेव्हा मी सभेत होतो. त्याला सांगायला कुणी गेलंच नसणार.”

“मग मायाक्काला सांगितलं का नाही?”

“काय सांगू? की तो देव नव्हता?” ते खिडकीबाहेर बघत राहिले. “मला तरी कुठे खात्री आहे.”

पाहणीच्या दिवशी सकाळी सगळे सदस्य दोन जीप आणि एका ट्रॅक्टरमधून माळावर आले. बोंद्रे आप्पांनी पांढरा कडक सदरा घातला होता आणि त्यांना दुपारी कारखान्यावर सत्काराला जायचं होतं. “आज निकाल लावून टाकू, वकीलसाहेब,” ते मोठ्याने म्हणाले, आणि लोक हसले. पहिल्या तबकावर हसले, दुसऱ्यावर हसले. चौथ्यावर वकिलांचा चेंडू ओढ्यापलीकडून येऊन खड्ड्यापासून हातभर अंतरावर थांबला तेव्हा कुणी तरी टाळी वाजवली. सहाव्यापर्यंत दोन सदस्य आपसांत पैज लावू लागले होते. मी काठ्यांची पिशवी घेऊन मागून चालत होते आणि माझं कशातच लक्ष नव्हतं.

सातव्याशी सगळी वस्ती उभी होती. मायाक्का पुढे झाली. “चपला,” ती म्हणाली.

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मी आधीच काढल्या होत्या. बिरुदेवाचं नाव आणि समोर एवढी मतं, आप्पांनी कोल्हापुरी चपला काढल्या, मग सगळ्यांनीच काढल्या. मायाक्काने कौल काय आहे ते मोठ्याने सांगितलं. देवाला गाऱ्हाणं घातलं. मग तिने दगड उचलून बाजूला ठेवला आणि काठाबाहेर आली.

वकिलांनी चेंडू काठावर ठेवला. रिंगण ताजं झाडलेलं होतं. ते वाकले, आणि मी पाहिलं, त्यांचे हात थरथरत होते, ते चेंडूशी उभे राहिले तरी थरथरत होते. शेवटी त्यांनी डोळे मिटले आणि चेंडू मारला. तो त्या काळ्या जमिनीवरून आवाज न करता निघाला, झाडल्याच्या रेघा एकामागून एक ओलांडत, इतका सरळ की कुणी श्वास घेतला नाही. बेंबीपाशी तो मंदावला, काठावर गेला आणि थांबला.

पडला नाही. अर्धा चेंडू वाटीवर आला होता, अर्धा जमिनीवर.

“गेला कौल,” मागून कुणी तरी म्हणालं.

वकील घड्याळाकडे बघत होते. थोड्या वेळाने त्यांनी हात खाली सोडला. “नियमाप्रमाणे दहा सेकंद थांबता येतं,” ते म्हणाले. “झाली. पडला नाही असंच धरायचं.” त्यांचा चेहरा मला बघवेना.

आप्पांनी चपलेत पाय घालायला सुरुवात केली.

“बसा,” मायाक्का म्हणाली.

“अहो मावशी, वकील स्वतःच म्हणतायत...”

“त्येंचा खेळ त्येंच्याकडं. ह्यो कौल हाय. कौलाला घड्याळ लावत्यात व्हय? फूल कदी लगेच पडतं, कदी दिस मावळंतवर पडत न्हाय. देवाला इचार करू द्या. बसा समदी.” आणि ती स्वतः काठाशी मांडी घालून बसली.

वस्ती बसली. मी बसले. वकील माझ्या आधाराने बसले. सदस्यांनी एकमेकांकडे पाहिलं. कौल लागलेला असताना पाठ फिरवून जाण्याची हिंमत कुणाला होणार? आप्पा शिव्या पुटपुटत खाली बसले, तसे बाकीचेही बसले. रिंगणाला लोकांचा वेढा पडला आणि मधोमध तो एक पांढरा चेंडू.

सुरुवातीला कुजबूज होती. आप्पांचा फोन वाजला, त्यांनी बंद केला. एका सदस्याने तंबाखू मळायला घेतली, मग तशीच हातात धरून ठेवली. ऊन वर आलं, डोक्यावर आलं. बायकांनी पदर घेतले, कुणी तरी वकिलांवर घोंगडी धरली. हळूहळू बोलणं थांबलं, आणि मग ते पुन्हा सुरूच झालं नाही. मी आयुष्यात सभा पाहिल्या, मोर्चे पाहिले, देवळं पाहिली. एवढी माणसं एकाच गोष्टीकडे इतका वेळ अशी बघताना मी कधी पाहिली नाहीत, नंतरही नाही. या जागेवर वाट बघत एक माणूस मेला होता, मग एक बाई तिच्यापायी म्हातारी होऊन गेली होती, मग तिच्या सुनेने तीस वर्षं त्यात घातली होती. आम्हाला एक दिवस बसायला काय झालं होतं?

उन्हं कलली. कारखान्यावरचा सत्कार होऊन गेला असणार. मेंढरं परत आली आणि लोकांच्या पाठीमागे उभी राहिली. माझ्या शेजारी कसला तरी पुटपुटण्याचा आवाज येत होता. मी मान वळवून पाहिलं. बोंद्रे आप्पा होते. पांढरा सदरा घामाने आणि धुळीने मातेरं झालेला, दोन्ही हात जोडलेले, डोळे चेंडूवर.

“पड की रं बाबा,” ते म्हणत होते, अगदी हळू. “पड की. किती वाट बघायला लावतोस.”

दिवसभर चाललेला वारा पडला. मी इंजिनिअर आहे, हवं तर मी कारणं देईन. तेलाने मऊ झालेली वाळू, दिवसभराचं ऊन, चेंडूचं वजन. त्या क्षणी यातलं एकही मला आठवलं नाही. कुणी हललं नव्हतं, कुणी खोकलं नव्हतं. चेंडू किंचित झुकला आणि वाटीत पडला. लोखंडावर चेंडू पडल्याचा तो बारीकसा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेला.

“चांगभलं,” आप्पाच सगळ्यांच्या आधी म्हणाले, आणि त्यांचा आवाज फाटला. मग सगळा माळ तेच म्हणाला, ढोल वाजले, भंडारा उधळला. वकील तसेच बसून होते, पिवळे झालेले, गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ते पुसत नव्हते.

मायाक्का उठली. रिंगणात गेली, वाकली, आणि देवाच्या बेंबीत हात घालून तिने चेंडू बाहेर काढला. पदराला पुसला. तो घेऊन ती वकिलांसमोर येऊन उभी राहिली आणि त्यांच्या हातात ठेवला.

“उठा,” ती म्हणाली. “दिस बुडाय लागलाय. अजून दोन ऱ्हायल्यात न्हवं?”